पोटावरची चीर किती, हे बिलाने ठरवायचे काय?

जठराच्या कॅन्सरचे निदान होते तेव्हा घरात दोन प्रश्न एकदमच शिरतात. माणूस वाचेल का, हा पहिला. ऑपरेशन दुर्बिणीतून करायचे की पोट उघडून, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर जपून देतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र पुष्कळदा रुग्णालयाच्या काउंटरवर, अनामत रकमेच्या आकड्यातून मिळते. ताडीवाला रोड, येरवडा, रामटेकडी, भवानी पेठ, दांडेकर पूल या वस्त्यांतील माणूस त्या काउंटरसमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातात रिपोर्टची पिशवी असते आणि डोक्यात सोनाराचे दुकान!

वकिलीच्या आणि चळवळीच्या निमित्ताने असे कागद घेऊन येणारी माणसे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. त्यांचे बोलणे जवळजवळ ठरलेले असते. "साहेब, दुर्बिणीचं केलं तर बरं म्हणतात, पण त्याला पैसे जास्त. साधं केलं तर आईचं काही बरंवाईट होईल का?" दुर्बिणीचे म्हणजे चांगले, श्रीमंताचे, पोट उघडून म्हणजे साधे, गरिबाचे, अशी समजूत समाजात पक्की रुजली आहे. ही समजूत अर्धी खोटी आहे आणि अर्धी खरी. खोटा अर्धा भाग आपल्या माणसांना कर्जात लोटतो. खरा अर्धा भाग हा आपला हक्क आहे आणि तो आपण मागतच नाही. म्हणून या विषयाचा नीट विचार झाला पाहिजे.

आधी ऑपरेशन म्हणजे काय ते समजून घेऊ. जठराचा रोगट भाग किंवा आवश्यक तर संपूर्ण जठर काढायचे, भोवतालच्या लसिका गाठी काढायच्या आणि उरलेली अन्ननलिका किंवा जठर आतड्याला जोडायचे, असे हे काम आहे. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ या शल्यचिकित्सकाने ते पहिल्यांदा यशस्वी केले. रुग्ण ४३ वर्षांची स्त्री होती. ऑपरेशनमधून ती बरी होऊन उठली आणि रोग परतल्यामुळे सुमारे चार महिन्यांत गेली. ऑपरेशन जमले तरी रोग जिंकू शकतो, हा धडा या शस्त्रक्रियेच्या पहिल्या दिवसापासूनचा आहे. पुढे ११० वर्षांनी, १९९१ साली, जपानमध्ये सेइगो कितानो यांनी जठराच्या कॅन्सरचे ऑपरेशन पहिल्यांदा दुर्बिणीच्या साहाय्याने केले. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करायची, चार-पाच लहान छिद्रांतून कॅमेरा व अवजारे आत घालायची, पडद्यावर पाहून काम करायचे आणि काढलेला भाग एका छोट्या चिरेतून बाहेर घ्यायचा, अशी ही पद्धत. आत काढायचे तेच असते. बाहेरची वाट तेवढी बदलते.

मग वाट बदलल्याने माणूस जास्त जगतो काय? या प्रश्नाचे उत्तर भावनेवर सोडण्याचे कारण नाही, कारण मोठ्या चाचण्या झालेल्या आहेत. दक्षिण कोरियात १,४१६ रुग्णांची चाचणी झाली. रोग अगदी सुरुवातीचा होता. पाच वर्षांनंतर दुर्बिणीच्या गटात ९४.२ टक्के रुग्ण जिवंत होते आणि पोट उघडून केलेल्या गटात ९३.३ टक्के. म्हणजे फरक नाही! जखमेच्या तक्रारी मात्र दुर्बिणीच्या गटात ३.१ टक्के आणि दुसऱ्या गटात ७.७ टक्के होत्या. पुढे चीनमध्ये वाढलेल्या रोगाच्या १,०५६ रुग्णांवर चाचणी झाली. तीन वर्षे रोग न परतता राहिलेल्यांचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात ७६.५ टक्के आणि पोट उघडलेल्या गटात ७७.८ टक्के आले. तिथेही फरक नाही. नेदरलँड्समधील दहा रुग्णालयांत २२७ रुग्णांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ साली आले. रक्तस्राव दुर्बिणीत कमी झाला, पण रुग्णालयातला मुक्काम दोन्ही गटांत सारखाच, सात दिवसांचा निघाला.

या आकड्यांचा सरळ अर्थ असा की अनुभवी हातांत दोन्ही पद्धती जिवाच्या दृष्टीने बरोबरीच्या आहेत. दुर्बिणीत दुखणे, रक्तस्राव आणि जखमेचा त्रास कमी. पोट उघडून केल्यास वेळ कमी लागतो आणि खर्चही कमी, कारण दुर्बिणीसाठी लागणारे स्टेपलर आणि त्यांची काडतुसे महाग असतात. तेव्हा "दुर्बिणीचे केले नाही तर आई दगावेल" असे कोणी सूचित करत असेल, तर ती विक्री आहे, वैद्यकशास्त्र नव्हे. मंगळसूत्र मोडून, गावाकडची गुंठा-दोन गुंठे जमीन फुंकून लहान चीर विकत घेण्याची गरज नाही. त्याहून वाईट म्हणजे पैसे जमवण्यात जे आठवडे जातात, त्या आठवड्यांत रोग थांबून राहत नाही.

"अनुभवी हातांत" या दोन शब्दांवरून वाचकांनी घाईने पुढे जाऊ नये. त्या कोरियन चाचणीत भाग घेणाऱ्या प्रत्येक शल्यचिकित्सकाने दोन्ही पद्धतींची किमान ५० ऑपरेशने आधी केलेली असावीत, अशी अट होती. म्हणून रुग्णाच्या नातेवाइकाने "तुमच्याकडे दुर्बीण आहे का?" असे विचारून थांबू नये. "अशी किती ऑपरेशने तुम्ही स्वतः केलीत? गाठी किती काढणार?" असे विचारावे. ऑपरेशननंतर येणाऱ्या तपासणीच्या अहवालात किती गाठी तपासल्या तो आकडा लिहिलेला असतो. रोग कोणत्या टप्प्यावर आहे हे खात्रीने ठरवण्यासाठी किमान १६ गाठी तपासल्या जाव्यात, असे या शास्त्राचे सर्वमान्य माप आहे. पोटावरच्या छिद्रांची संख्या पाहुण्यांना दाखवता येते. गाठींची संख्या कोणी दाखवत नाही, आणि आयुष्य पुष्कळसे तिच्यावर अवलंबून असते!

आता आपल्याकडची परिस्थिती पाहू. जपान आणि कोरियात जठराची तपासणी सरकारी कार्यक्रमातून होते. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी ती केली जाते. त्यामुळे रोग लहान असतानाच सापडतो. आपल्याकडे काय होते? भूक मंदावते, थोडे खाल्ले तरी पोट गच्च होते, वजन घटते, शौचाला काळे होते. माणूस कामावरून येताना मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी घेतो आणि सहा महिने काढतो. एंडोस्कोपी होते तोवर रोग जठराच्या भिंतीबाहेर गेलेला असतो. या रोगाच्या कारणांपैकी एक म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ सालीच कॅन्सरकारक ठरवले. हा जंतू बहुधा लहानपणीच, दाटीवाटीच्या घरांत आणि अस्वच्छ परिस्थितीत पोटात शिरतो. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे कोणाची राहतात, हे या सदराच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

उशिरा आलेल्या अशा रुग्णासाठी दुर्बिणीचा मोठा उपयोग वेगळाच आहे आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही. मोठे ऑपरेशन करण्यापूर्वी एका लहान छिद्रातून दुर्बीण घालून पोटात रोग पसरला आहे का, हे पाहता येते. सीटी स्कॅनमध्ये न दिसलेले बारीक ठिपके पोटाच्या अस्तरावर किंवा यकृतावर दिसतात. तसे दिसले तर मोठी चीर देण्यात अर्थ नसतो. रुग्णाला औषधोपचाराकडे वळवता येते आणि व्यर्थ ऑपरेशनचा त्रास व खर्च दोन्ही वाचतात. तसेच ऑपरेशनच्या आधी व नंतर केमोथेरपी देण्याचा फायदा २००६ साली ब्रिटनमधील चाचणीतून पुढे आला. ५०३ रुग्णांच्या त्या चाचणीत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण नुसत्या ऑपरेशनने २३ टक्के होते, तर केमोथेरपीची जोड दिल्यावर ३६ टक्के झाले. तेरा टक्क्यांचा हा फरक कुठे आणि दोन चिरांमधला फरक कुठे? लहान चिरेसाठी सगळा पैसा घालवून केमोथेरपी अर्धवट सोडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. ज्याने जीव वाढतो ते सोडले आणि ज्याने व्रण लहान होतो ते विकत घेतले, असा हा उलटा हिशेब आहे.

"दुर्बीण म्हणजे सगळ्याच कॅन्सरला चांगली" हे सरसकट विधानही घातक आहे. पुण्याचे नाव दुर्बिणीच्या कॅन्सर शस्त्रक्रियेत जगभर घेतले जाते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी इथल्या शल्यचिकित्सकांनी विकसित केलेली पद्धत २००७ साली २४८ रुग्णांच्या अनुभवासह 'पुणे टेक्निक' या नावाने प्रसिद्ध झाली. त्या कौशल्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण २०१८ साली याच रोगावर ३३ रुग्णालयांतील ६३१ स्त्रियांची आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात साडेचार वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के आणि दुर्बिणीच्या व रोबोच्या गटात ८६ टक्के आले. हा कोणा एका शहरावर किंवा डॉक्टरवर ठपका नाही. बोध एवढाच की प्रत्येक रोगाचा पुरावा वेगळा असतो. जठराला लागू ते गर्भाशयमुखाला लागू नाही. पुरावा मागा, जाहिरात नको! "ऐका, पारखा आणि मग स्वीकारा" ही शिकवण ज्यांनी घेतली त्यांना हे जड जाऊ नये.

इथवर समजुतीचा खोटा अर्धा भाग झाला. आता खरा अर्धा भाग.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचा निश्चित फायदा म्हणजे दुखणे कमी, जखम लवकर भरते, माणूस लवकर हिंडू-फिरू लागतो. हा फायदा कोणाला जास्त हवा आहे? पगारी रजा असलेल्या अधिकाऱ्याला की रोजंदारीवर जगणाऱ्या बिगाऱ्याला? घरकाम करणाऱ्या बाईने दोन महिने दांडी मारली तर तिची चार घरांची कामे जातात. हातगाडी ओढणाऱ्याच्या पोटावरची मोठी चीर पिकली, पुढे तिथे हर्निया झाला, तर त्याचे वजन उचलणेच संपते. कॅन्सरमधून वाचलेला माणूस उपाशी मरायचा! ज्याच्या शरीरावर त्याचे घर चालते, त्याला लहान चिरेची गरज सर्वांत जास्त आहे. आणि नेमक्या त्यालाच सांगितले जाते की ही तुझ्या ऐपतीतली गोष्ट नाही.

हे तंत्र भारतात श्रीमंतांसाठी आले काय? इतिहास वेगळे सांगतो. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचे पहिले ऑपरेशन १९९० साली डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केले, आणि ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे सरकारी रुग्णालयात केले. दुर्बिणीने पोटाची तपासणी करण्याचे काम त्यांनी तिथे १९७२ पासूनच सुरू केले होते. गरीब देशातल्या गरीब रुग्णाला हे तंत्र परवडते, इतकेच नव्हे तर त्यालाच ते अधिक उपयोगी आहे, ही त्यांची आयुष्यभराची भूमिका होती. सरकारी वॉर्डात ज्याची सुरुवात झाली ते तीसेक वर्षांत खासगी रुग्णालयांच्या फलकावर चढले आणि ज्याच्यासाठी ते होते तो वॉर्डात मोठ्या चिरेसह पडून राहिला. हे वैद्यकशास्त्राने केलेले नाही, व्यवस्थेने केलेले आहे.

कोणी म्हणेल, सरकारी रुग्णालयात औषधे आणि खाटा पुऱ्या पडत नाहीत, तिथे महागड्या स्टेपलरची चैन कशाला? आक्षेप वरवर व्यवहारी वाटतो. पण हिशेब मांडताना फक्त रुग्णालयाचा खर्च धरायचा आणि रुग्णाची बुडालेली मजुरी, चिघळलेल्या जखमेची मलमपट्टी, सोबत बसणाऱ्या नातेवाइकाचा बुडालेला रोज धरायचा नाही, ही कोणती पद्धत? गरिबाच्या वेळेला किंमत नाही असे गृहीत धरले की मोठी चीर स्वस्त पडते! शिवाय खरा तुटवडा यंत्रापेक्षा शिकलेल्या हातांचा असतो, आणि ते हात वैद्यकीय महाविद्यालयातच तयार होतात. ससून रुग्णालयाला जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय १९४६ पासून डॉक्टर घडवते आहे. जनतेच्या पैशावर आणि गरीब रुग्णांच्या शरीरावर शिकलेले कौशल्य त्याच रुग्णांना मिळाले पाहिजे, ही मागणी अवाजवी आहे काय?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वेळेवर वैद्यकीय उपचार न मिळणे हा घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो रुग्ण रेल्वेतून पडलेला शेतमजूर होता आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले होते. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ४१ अअ आहे. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००६ मध्ये योजना मंजूर केली. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या. एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची. निर्धन रुग्णाची औषधे आणि वापरून संपणारे साहित्य यांचा खर्च त्या निधीतून भागवायचा. वाचकांनी नीट लक्षात घ्यावे, दुर्बिणीचे स्टेपलर आणि काडतुसे हे वापरून संपणारे साहित्यच आहे! "खाट मोफत, पण दुर्बिणीचे सामान तुम्ही आणा" असे निर्धन रुग्णाला सांगणे या योजनेत बसत नाही. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागायची नाही, हेही त्याच योजनेत आहे. उत्पन्नाची मर्यादा आता निर्धनांसाठी वार्षिक १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे.

याशिवाय राज्याची आरोग्य योजना आहे. राजीव गांधींच्या नावाने २०१२ साली सुरू झालेल्या या योजनेला २०१७ साली महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले आणि २०२३ साली तिचे कवच राज्यातील सर्व कुटुंबांसाठी पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. जठराच्या कॅन्सरचे ऑपरेशन तिच्यात बसते. कारखान्यात, दुकानात, कंत्राटावर काम करणाऱ्यांसाठी राज्य कामगार विमा आहे. त्याचा पाया घालणारा अदारकर अहवाल १९४४ साली, बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य असताना आला आणि १९४८ साली कायदा झाला. पगारातून वर्गणी कापली जाते, पण आपले कार्ड कुठे आहे हे निम्म्या कंत्राटी कामगारांना ठाऊक नसते! ज्या शहरात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत प्राण सोडला, त्या शहरात फुल्यांच्या नावाचे कार्ड दाखवणाऱ्याला दारातून परत पाठवणे ही नुसती बेकायदा गोष्ट नाही, ती लाजिरवाणीही आहे.

आणखी एक मुद्दा संमतीचा. दुर्बिणीतून सुरू केलेले ऑपरेशन रक्तस्रावामुळे किंवा रोग चिकटलेला असल्यामुळे मध्येच पोट उघडून पूर्ण करावे लागू शकते. ते अपयश नव्हे, अनेकदा तोच शहाणपणा असतो. पण ही शक्यता आणि तिचा खर्च आधी सांगितला पाहिजे, रुग्णाला समजेल अशा मराठीत सांगितला पाहिजे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात रुग्णाने दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना आईची सही घेऊन पोट उघडून गर्भाशय काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निकाल दिला की प्राण वाचवण्यासाठी ते त्या क्षणी अनिवार्य नसेल, तर एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही, आणि शुद्धीवर येणाऱ्या सज्ञान रुग्णाच्या जागी नातेवाइकाची सही पुरत नाही. तेव्हा कोऱ्या फॉर्मवर अंगठा उठवू नका. कोणते ऑपरेशन, का, दुसरा पर्याय कोणता, दोन्हींचा खर्च किती, हे विचारा. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हा तुमचा हक्क आहे. कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत देणे हे डॉक्टरवर २००२ च्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे.

मग आपण करायचे काय? प्रत्येक विहारात आणि प्रत्येक वस्तीत निदान दोन तरुण असे तयार व्हावेत की ज्यांना धर्मादाय योजना, फुले योजना आणि कामगार विमा यांचे कागद पाठ असतील. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आजार येण्याआधी तयार ठेवावे, कारण तहसील कार्यालयाची रांग कॅन्सर ओळखत नाही. आपल्या भागातल्या धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्ण निधीत किती जमा झाले, किती खर्च झाले आणि किती निर्धनांची ऑपरेशने दुर्बिणीतून झाली, हे २००५ च्या माहिती अधिकाराखाली धर्मादाय सहआयुक्तांना लेखी विचारावे. ससूनमध्ये कॅन्सरची दुर्बिणीची शस्त्रक्रिया नियमितपणे, सामानासह मोफत मिळावी, ही मागणी निवेदनांतून आणि मोर्चांतून पुढे यावी. आणि जेवताना थोड्यातच पोट भरणाऱ्या, वजन घटलेल्या माणसाला गोळी देऊन घरी न बसवता एंडोस्कोपीला घेऊन जावे. लवकर सापडलेल्या रोगाइतके स्वस्त ऑपरेशन दुसरे नाही.

चीर लहान असावी की मोठी, हे रोगाचा टप्पा, पुरावा आणि शल्यचिकित्सकाचा हात यांनी ठरवावे. रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने ठरवावे. ते जर त्याच्या खिशावरून ठरत असेल, तर पोटावरचा तो व्रण रोगाचा नाही, विषमतेचा आहे. तो पुसण्यासाठी कायदा आपल्या हातात आहे. तो वापरायचा की नुसता फ्रेममध्ये लावून त्याला हार घालायचा, हे आपणच ठरवायचे आहे.

जयभीम!